गणितात नसलेलं डांबर

मित्रांनो, हेब्बाळच्या एका प्रयोगशाळेमागच्या शेडमध्ये मी उभी आहे. मी जुनी गॅसभट्टी. करवंट्या, मक्याची रिकामी कणसं असा शेतातला कचरा अपुऱ्या हवेत जाळून त्याचा गॅस करायचा आणि त्यावर इंजिन चालवायचं, हे माझं काम.

विमलाक्कांनी मला एकोणीस वर्षं सांभाळलं. त्या करवंटी मोडून तिचा आवाज ऐकायच्या. "स्वल्प ओली आहे, उद्या पेटवू," म्हणायच्या. त्यांचं कधी चुकलं नाही.

मग यशोवर्धन सर आले. कुठल्या पिकाच्या काडातून किती गॅस निघेल, याचं मॉडेल त्यांनी कॉम्प्युटरवर तयार केलं. पाहुणे तिकडेच जाऊ लागले. पडद्यावर रंगीत ज्वाला हलायची आणि मोठी माणसं माना डोलवायची. जिच्यावर कपभर चहासुद्धा होणार नाही, अशी ज्वाला! माझ्या अंगावर मोडक्या खुर्च्या रचल्या गेल्या आणि शेडला कुलूप लागलं.

त्या मॉडेलमध्ये काड कायम कोरडं असायचं आणि डांबर, म्हणजे अर्धवट जळलेल्या काडातून गॅसबरोबर येणारा काळा चिकट चीक, कायम शून्य. विमलाक्का म्हणाल्या, "सर, नाचणीचं काड एकदा हिच्यात घालून बघूया."

"अक्का, गणितात सगळं आलंय," सर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

त्या गणितावर देवनहळ्ळीजवळ सोयराबाईंच्या पिठाच्या गिरणीत नाचणीच्या काडावर चालणारी नवी भट्टी बसली. अकराव्या दिवशी इंजिन जाम झालं. पाच बायकांचं काम थांबलं. सोयराबाई बस धरून आल्या आणि इंजिनातून खरवडलेल्या डांबराचा डबा त्यांनी सरांच्या टेबलावर ठेवला.

"हे तुमच्या गणितात कुठं आहे, ते दाखवा अण्णा."

सर पडद्यावरचे आकडे खालीवर करत राहिले. दाखवणार काय?

दुसऱ्या दिवशी माझं कुलूप निघालं. जळणावर प्रबंध लिहिलेल्या त्या माणसाला मला पेटवता येईना. काडेपेटीतल्या चार काड्या वाया घालवल्या. शेवटी विमलाक्कांनी पेटवलं. गॅस कमजोर आला, गॅसची गाळणी काळी झाली, काडाची राख वितळून तिचे दगड झाले. मग तीन आठवडे सर काड वाळवत, तोलत, पुन्हा जाळत बसले. काड वाळवून त्याच्या विटा दाबल्या, करवंट्या मिसळल्या, तेव्हा डांबर गाळणीत मावेल इतकं कमी झालं. मॉडेलमध्ये डांबराची एक ओळ आली.

गिरणी पुन्हा सुरू करताना सोयराबाईंनी सरांना बजावलं, "आज दिवसभर इथंच थांबायचं." ते पिठात माखून थांबले. इंजिन चाललं.

नंतर सरांचा लेख छापून आला. 'प्रयोगाने पडताळणी केली', एवढंच त्यात आमच्याबद्दल होतं. विमलाक्कांचं नाव नाही.

मित्रांनो, तुम्ही मॉडेल जरूर करा. पण तुमची चूक ज्यांनी निस्तरली, त्यांचं नाव लिहायला लाजू नका. आणि मला पुन्हा बंद करून ठेवणार असाल, तर आधी माझ्या तळाच्या जाळीवरची राख काढा. सरांना ते अजून जमत नाही.