साडेअकराचा वारा

त्या मार्चमध्ये पनवेलच्या खाडीकाठी रोज हजारभर माणसं घाम पुसत वाऱ्याची वाट बघायची. मंचावर मरुतनाथ महाराज, शेजारी बांबूवर झेंडा. सकाळी तो समुद्राकडे फडफडायचा, अकराच्या सुमारास नुसता लोंबायचा. मग महाराज पश्चिमेला हात करून "ये पवना, माझ्या लेकरांना गार कर" असं घोळवून घोळवून म्हणायचे आणि खरोखरच झेंडा उलटा फिरायचा. बायका फुगड्या घालायच्या, बाप्ये शिट्ट्या मारायचे. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी माझ्याही अंगावर काटा आला.

आणि मी निवृत्त भूगोल मास्तर. गर्दीतले निम्मे माझेच विद्यार्थी. 'खारे वारे, मतलई वारे' या प्रश्नाला मी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले होते. ते परत घ्यावेसे वाटले.

सगळ्यांत पुढे कमळाकर. त्याच्या बापजाद्यांनी वाऱ्याचा अंदाज घेत इथेच मीठ पिकवलं. जमिनी विकून गडी चौदाव्या मजल्यावर गेला. घरात एसी, गाडीला काचा. वारा दुपारी फिरतो, हे पंधरा वर्षांत तो साफ विसरला होता. उरलेला शेवटचा तुकडा तो आता महाराजांच्या वायुपीठाला बक्षीसपत्र करून देणार होता. त्याच तुकड्यावर त्याची विधवा भावजय जनी जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, सुकवून पोट भरत होती.

"सर, तुमी सोताच्या डोल्यांनी बगितलं ना?" कमळाकर म्हणाला. "वयनीला दुसरीकडं जागा बगू."

मी जनीकडे गेलो. विचारलं, "वारा कोण आणतं गं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "सर, तुमीच शिकवायचे ना? उनानं जमीन तापली का समिंदरावरून येतोच. तिकडं समिंदराकाठी करंज्याला आदी, तासाभरानं इकडं. माजा भाव तिकडं बोटीवर हाय. त्याचा फोन आला का मी जवला झाकते, नायतर सगला खाडीत उडल."

दुसऱ्या दिवशी मी करंजा गाठलं. धक्क्यावर महाराजांचा शिष्य बसलेला. वारा फिरला आणि त्याने मोबाईल कानाला लावला, "महाराज, इकडे फिरला."

बक्षीसपत्राच्या दिवशी मी मंचावर चढलो. "महाराज, आज वारा आणू नका. जो आणतो त्याला थांबवताही येईल."

"पवनाला अडवणं पाप आहे, बालका."

बालक सदुसष्ट वर्षांचा. "बरं, मग आत्ता दहाला आणा."

"मुहूर्त नाही."

"मुहूर्त करंज्याहून फोनवर येतो म्हणून?" मी धक्क्यावर पाहिलेलं सगळं सांगून टाकलं.

महाराज भडकले. "मी मौन धरतो. आता बसा घामात. वाऱ्याची झुळूकही येणार नाही." कमळाकरचा चेहरा उतरला. लोक माझ्यावर ओरडू लागले.

तेवढ्यात गर्दीच्या कडेला उभ्या जनीचा फोन वाजला. "साडेअकराला येल," तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं आणि जाळं टाकून जवळा झाकायला गेली.

साडेअकराला वारा आला. महाराज ओठ घट्ट मिटून बसले होते आणि त्यांचीच छाटी उडून तोंडावर आली. कोणीतरी फिसकन हसलं, मग अख्खं मैदान खदखदून हसलं. मीही पोट धरून हसलो.

"जमीन उन्हात लवकर तापते, समुद्र सावकाश," मी हसू आवरत सांगितलं. "तापलेली हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा धावत येते. म्हणून आपल्याकडे विदर्भासारखा उन्हाळा नाही. हे काम सूर्य आणि समुद्र करतात, आणि ते कुणाची जमीन मागत नाहीत."

कमळाकरने बक्षीसपत्र फाडलं आणि तो जनीकडे गेला. "वयनी, जागा तुजी. उद्याच तुज्या नावावर करतो."

"ते उद्या," जनी म्हणाली. "आता त्या जाल्याचं टोक धर, जवला चाललाय."

चौदाव्या मजल्यावरचा माणूस गुडघे टेकून जाळं दाबत बसला. तुम्हाला एवढंच सांगणं: कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी त्याला विचारा, हा थांबवून दाखवाल का?