सर्जेरावांचा घासलेला हात

डॉक्टरकडे जायचं म्हणून माणसं आजारसुद्धा धुऊन येतात. बिबवेवाडीत त्वचेची डॉक्टर म्हणून मला वीस वर्षं झाली, आणि या स्वच्छतेपुढे मी हात टेकले आहेत.

कात्रजचे सर्जेराव त्यातही वरचढ. उजव्या हातावर, कोपराच्या खाली, गोल लालसर चट्टा. तो वजरीने इतका घासलेला, की तपासायला खपली म्हणून उरली नव्हती. वर मेडिकलवाल्याने दिलेल्या मलमाचा थर.

"घासलंत कशाला?"

"बत्तीस वर्षं डेअरीत दुधाच्या टाक्या धुतल्या, म्याडम. घाण हात दाखवायची सवय न्हाई."

खरं दुखणं निराळंच होतं. त्यांच्या सुनेने, संस्कृतीने, हा नायटा आहे असं ठरवून टाकलं होतं. नायटा लागट असतो, एवढं तिचं बरोबर होतं. त्यामुळे पाच महिन्यांची नात आबांच्या हातात द्यायची नाही असा घरात हुकूम निघाला होता. डॉक्टर लिहून देतील तेव्हाच.

"मग द्या की लिहून," सर्जेराव म्हणाले. "नायटा घाणेरड्या माणसाला होतो. मी दोनदा अंघोळ करतो."

"नायटा अंघोळी बघून होत नाही. आणि हे काय आहे ते सांगायला मला खपली लागते. ती तुम्ही मोरीत सोडून आलात. आता दोन आठवडे घासायचं नाही, मलम लावायचं नाही. तोवर नात लांबच बरी."

ते उठले आणि नमस्कार न करता गेले.

दोन आठवड्यांनी आले ते हातावर धुतलेला पंचा टाकून. पंचा काढताना त्यांनी मान दुसरीकडे केली. खपली उत्तम धरली होती. तसं म्हटल्यावर चक्क लाजले.

"मोरीत वजरी समोरच दिसायची," म्हणाले. "भिताडाकडं तोंड करून अंघोळ केली."

मी खपली हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतली, औषधाचा थेंब टाकला आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बुरशी असती तर बारीक धागे दिसले असते. एकही नव्हता. दुसरी पट्टी केली, तीही कोरी. चट्ट्याची कडही नायट्यासारखी उठलेली नव्हती.

"इसब आहे," मी सांगितलं. "कोणाला लागत नाही. घासून घासून तुम्हीच वाढवलंत."

त्यांनी काचपट्टीकडे बोट केलं.

"म्हंजे पहिल्या दिवशी न घासता आलो असतो तर..."

"तर त्याच दिवशी नात हातात मिळाली असती."

"परवा पालथी पडली म्हणं ती," ते म्हणाले. "मी बाहेरच्या खोलीतनं टाळ्या ऐकल्या."

मला फार वाईट वाटलं. पहिल्या दिवशीचे माझे टोमणेही आठवले. मग मी कागदावर 'लागट नाही' असं लिहिलं, आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं.

संस्कृती बाहेर बाकावर बाळाला घेऊन बसली होती, तिला आत बोलावलं. तिने कागद दोनदा वाचला आणि बाळ पुढे केलं.

"घ्या आबा."

सर्जेराव दोन पावलं मागे सरले. माझ्या बेसिनपाशी गेले आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायला लागले. इसबाला साबण वाईट, हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं.