दाराच्या काचेतून

ताईच्या पत्राला त्याने तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्र चार ओळींचं होतं. ‘तू तिथे होतास. ते म्हणतात, पोरीने दगड मारले म्हणून गोळी चालवावी लागली. तिच्या हातात दगड होता का, एवढंच कळव.’

उत्तर एका शब्दाचं होतं. पण तो शब्द लिहिला की पुढचा प्रश्न आलाच असता: तुला कुठून दिसलं?

तो ग्रंथपाल. पुस्तकांत रमणारा, माणसांत बुजणारा. मुलींचं वसतिगृह बंद केलं म्हणून त्याची भाची मैत्रिणींबरोबर वाचनालयासमोरच्या चौकात पाच दिवस धरणं धरून बसली होती. त्या दुपारी ती पाणी प्यायला आत आली.

“मामा, चल की, बस आमच्यात थोडा वेळ.”

“तुमच्या घोषणांनी माझे वाचक पळाले.”

“वाचक? ते पेन्शनर आजोबा? अरे, ते तर घोरतायत!”

त्यालाही हसू आवरलं नाही. ती गेली आणि थोड्याच वेळात अश्रुधुराची नळकांडी फुटली. धुराने जुनी पानं खराब होतील म्हणून त्याने भराभर खिडक्या लावल्या, दाराला कडी घातली. पुस्तकं वाचवायची, एवढंच त्याला सुचलं. तोच दारावर थापा पडल्या.

“मामा, दार उघड!”

काचेतून ती दिसत होती, तिच्यामागे पोलीस. त्याने कडीला हात घातला आणि तो हात तिथेच थिजला. गोळीचा आवाज झाला तेव्हाही तो कडीवरच होता.

परवा त्या गोळीबाराचा चौकशी अहवाल छापून वाचनालयात आला. नेहमीच्या सवयीने त्याने शिक्का मारला, क्रमांक घातला, इतिहासाच्या कपाटात लावून टाकला. खुर्चीत येऊन बसला आणि मग त्याच्या ध्यानात आलं. त्या अहवालात भाचीला दगडफेक करणारी म्हटलं होतं, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने इतिहासात नेऊन ठेवलं होतं.

त्याने कागद पुढे ओढला. याआधीची सगळी उत्तरं शब्दबंबाळ झाली, म्हणून फाडली होती. आता लिहिलं:

‘ताई, दगड नव्हता. दोन्ही हातांनी ती माझं दार वाजवत होती. मी आत होतो. मी उघडलं नाही. हे पत्र कोर्टात दे, मी येऊन सांगेन. माफ कर असं लिहायला हात धजत नाही.’

मग चौक ओलांडून त्याने पाकीट टपालपेटीत टाकलं.