मनुबाईंचं वाक्य

मित्रांनो, मी जुना मराठी टाइपरायटर आहे. माझ्या दोन कळा अडकतात, फीत वाळली आहे आणि माझ्या हातून एक पाप घडलं आहे. पहिल्या दोन गोष्टींवर इलाज आहे.

मुंबईच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी सांगलीच्या एका वकिलांकडे गेलो आणि आठ वर्षं नोटिसा टाइप केल्या. एवढ्या धमक्या इतक्या नम्र भाषेत देण्याचं भाग्य फार थोड्यांना मिळतं. वकील वारले तेव्हा उंब्रजच्या चिंतामण मास्तरांनी मला विकत घेतलं. मास्तर हमरस्त्याला लागून एका खोलीत टाइपिंगचा क्लास चालवत आणि दुपारी गावकऱ्यांचे अर्ज लिहून देत. त्या दिवसांत माझं फार कौतुक झालं. हाताने लिहिलेला अर्ज कचेरीत पडून राहतो आणि टाइप केलेला पडून राहिला तरी व्यवस्थित दिसतो, असं लोक म्हणत.

१९७३ साली मनुबाई आल्या. त्यांचा नवरा जोतीराम फौजेत हवालदार. सुट्टीवर आला, ताप अंगावर काढला आणि घरीच वारला. पेन्शनीच्या अर्जासाठी मनुबाई माझ्यासमोर बसल्या. मास्तर म्हणाले, "काय झालं ते सांगा. जसंच्या तसं."

"काय सांगायचं मास्तर? दिवेलागणीला हळदीचं दूध माज्या हातानं दिलं. सकाळी उठलंच न्हाईत."

मास्तरांनी ते तसंच घातलं. अर्ज मंजूर झाला. साताऱ्याच्या साहेबाने तेवढं वाक्य वाचून चष्मा पुसला, असं मनुबाई सांगत आल्या. मास्तर खूश झाले आणि वाक्य चांगलं आहे हे त्यांच्या लक्षात राहिलं. तिथे घात झाला.

कारण मास्तर कादंबरी लिहीत होते. सांगलीच्या एका प्रकाशकाचं पत्र आलं होतं: "नुसती प्रेमकथा मुली वाचतात. नुसती रहस्यकथा त्यांचे भाऊ वाचतात. भुताची कथा सगळं घर वाचतं आणि कबूल कुणीच करत नाही. ग्रामीण कादंबरीला बक्षीस मिळतं, पण ती कुणी वाचत नाही. आपण चारही एकत्र करावं."

मास्तरांनी एकत्र केलं. प्रेमासाठी एक हवालदार आणि त्याची बायको घेतली. ग्रामीण म्हणून ओढ्यापलीकडचं घर आणि दारात एकशिंगी म्हैस. रहस्यासाठी हवालदाराचा अचानक मृत्यू. पाचव्या प्रकरणाच्या शेवटी फौजदार येतो आणि विचारतो, मरण्याआधी तो काय प्याला होता? बायको खाली बघून म्हणते, "दिवेलागणीला हळदीचं दूध माज्या हातानं दिलं. सकाळी उठलंच न्हाईत."

प्रकरण समाप्त.

मित्रांनो, त्याच कळा, तेच शब्द. अर्जात ते उमटवताना मला भरून आलं होतं. या वेळी माझ्या रोलरवर काटा आला. अर्जातलं दूध हे दूध होतं. रहस्यकथेत पेला आला की वाचणारा आधी तो हुंगून बघतो.

मास्तर एका वेळी तीन प्रती काढत. वरची सांगलीला, दुसरी स्वतःला आणि तिसरी, अगदी पुसट, भाऊसोंना. भाऊसो मारुतीच्या देवळात पोथी वाचत. अधिक महिना सरला होता, पोथी संपली होती, पण ऐकणाऱ्यांची बसायची सवय सुटली नव्हती. मास्तरांना चार कानांचं मत हवं होतं. भाऊसोंनी कादंबरी पोथीच्या चालीवर वाचायला घेतली. आधी नमस्कार, शेवटी नमस्कार, मग खोबरं-साखर. पुसट शब्द ते मनाने भरत. देवळात हात जोडून वाचलेलं खोटं असू शकतं, हे मंडळींना ठाऊक नव्हतं. आजवर तसा प्रसंगच आला नव्हता.

पाचवं प्रकरण सोमवारी वाचलं. मंगळवारी तीन घरांनी मनुबाईंच्या म्हशीच्या दुधाचा रतीब बंद केला. शुक्रवारी त्यांची दुधाची चरवी भरलेली तशीच घरी परत गेली.

मास्तरांच्या पत्नी विनोदिनीबाई शाळेत शिकवत. त्या शनिवारी दुपारी खोलीत आल्या.

"अहो, शेजारच्या सुलाबाई मला विचारत होत्या, हळदीत विष लपतं का हो? पुढच्या प्रकरणात लिहून टाका, दूध चांगलं होतं म्हणून."

"सहाव्यात? रहस्य सतराव्यात फुटतं."

"आणि तोवर त्या बाईने काय करायचं?"

"लोकांना कळतं गं, ही कादंबरी आहे."

"कुठल्या लोकांना?"

मास्तरांनी माझ्यात कोरा कागद घातला. सहावं प्रकरण भुताचं ठरलं होतं. हवालदाराचे बूट ओढ्यापलीकडून चालत येतात, म्हशीपाशी थांबतात, मग बायकोच्या दाराशी थांबतात आणि तिथून हलत नाहीत. मी खाडखाड वाजत होतो. मला माझाच आवाज नको झाला.

ते वाचून झाल्यावर दुसऱ्याच दिवशी नाथाजी आला. हा जोतीरामचा थोरला भाऊ. खुर्चीत ऐसपैस बसला.

"मास्तर, लय झ्याक लिवताय. बूट तर आमच्या मंडळीनं सोता ऐकलं."

"अहो, ते मी..."

"आसूं द्या. भावकी म्हणतीया, फुडचा अध्याय ऐकायचा आन् मग ठरवायचं, असली बाई घरात ठिवायची का न्हाई. घर तसं आमचंच हाय. आमाला घाई न्हाई. तुमी दमानं लिवा."

वकिलांकडे आठ वर्षं काढली, पण इतकी गोड नोटीस मी पाहिली नव्हती.

त्याच दुपारी मनुबाई आल्या. बसल्या नाहीत.

"आवं मास्तर, माजं बोलनं मला परत द्या."

"मनुबाई, त्यात तुमचं नाव कुठं आहे?"

"नाव न्हाई. वढा हाय, म्हस हाय, दूध हाय, माजा दादला हाय. नावाला जागा कुटं ठिवली तुमी?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आर्जात हेच बोलले तवा सायेब रडला. आता हेच ऐकून भावकी माज्या चुलीतली राख उकरून बगतीया. आन् मी तर येकदाच बोलले हुते."

 त्या गेल्यावर मास्तरांनी सातवं प्रकरण एका बैठकीत लिहिलं. शहरातून डॉक्टर येतो, पेला तपासतो, दूध स्वच्छ निघतं. हवालदार तापानेच गेलेला असतो आणि बायकोवर काही डाग नसतो. रहस्य दहा प्रकरणं आधीच संपलं. मला वाटलं, सुटलो.

देवळात काय झालं ते मला विनोदिनीबाईंच्या तोंडून कळलं. भाऊसोंनी वाचून हात जोडले.  मग नाथाजी हसला.

"आरं, ही कादंबरी हाय गड्या! मास्तरला आसं लिवाय लागतंय. बाई चांगली निगाल्याबिगर कोन छापंल?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. पाचवं प्रकरण खरं होतं, सहावं अनुभवाचं होतं, आणि सातवं मात्र कादंबरी होतं. खोबरं-साखर नेहमीप्रमाणे वाटली गेली.

आठवड्याच्या आत मनुबाईंनी घर सोडलं. कोयनानगरच्या वसाहतीत धुण्याभांड्याची कामं मिळतात असं त्यांनी ऐकलं होतं. म्हैस नाथाजीने ठेवून घेतली. मास्तर एसटीच्या थांब्यावर धावत गेले. म्हणाले, "थांबा, आपण कलेक्टरांकडे अर्ज करू. मी टाइप करतो."

"नगं मास्तर," मनुबाई म्हणाल्या. "तुमच्या मशिनीला काय बी सांगायचं आता भ्या वाटतंय."

हे मास्तरांनी घरी येऊन विनोदिनीबाईंना सांगितलं, माझ्यादेखत.

पुढच्या वर्षी कादंबरी छापून आली. रहस्य लवकर फुटतं म्हणून प्रकाशकाने सातवं प्रकरण काढून टाकलं आणि मास्तरांनी सतरावं पूर्वी ठरलं तसं लिहून दिलं. साताऱ्याच्या सभेत वक्त्यांनी चारही प्रकारांच्या सहज मिश्रणाचं तोंडभरून कौतुक केलं. मास्तरांना शाल मिळाली. ती त्यांनी घरी येऊन माझ्यावर पांघरली आणि पुन्हा मला हात लावला नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांनी शेवटी तेल मागायचं असतं, जपून वापरा म्हणायचं असतं. माझं राहू द्या. तुमच्यातलं कुणीतरी मोठेपणी कादंबरी लिहील. चार प्रकार एकत्र करा, चाळीस करा, माझी हरकत नाही. पण ज्याच्या दारातली म्हैस उचलली, त्याच्या दारात जाऊन ते पान आधी त्याला वाचून दाखवा. तो काय म्हणतो ते नीट ऐका आणि लागलं तर पान फाडा. देवळात वाचायला पुष्कळ वेळ असतो.