वाढदिवसाचे सूप आणि काळे भांडे

मित्रांनो, जरा खाली वाकून बघा. चुलीवर बसले आहे ते मी. मी एक जुने, काळे, मातीचे भांडे आहे. माझ्या काठाचा टवका उडाला आहे, पण त्यावर हसू नका. कांगजिन गावच्या कुंभाराने मला घडवले आणि असे काही भाजून काढले की तेव्हापासून मी कोणत्याच आगीला भीत नाही. मग होडीतून मी वांदो बेटावर आले.

इथे धक्क्याजवळ ओक-बुन आजीची खानावळ आहे. आजी माझ्यात समुद्रशेवाळाचे सूप उकळायची आणि रटरटत असतानाच लाकडी पाटावर ठेवून गिऱ्हाइकापुढे न्यायची. "सूप संपलं तरी भांडं गरम!" कोळी म्हणायचे. मी फुगून जायचे. आजीच्या सूनबाईला मात्र मी जड वाटायचे. तिचा डोळा स्टीलच्या भांड्यांवर होता.

एका सकाळी दूरच्या दॅगू शहराहून बोराम नावाची मुलगी आली. वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर ती काहीतरी चाखत आली होती.

"आजी, अक्रोडाचे गरम केक झाले, काडीवरचे फिशकेक झाले, भाजलेले बटाटेही सोडले नाहीत. आता तुमच्या हातचं काय खाऊ?"

"पोट आहे की पोतं? बस. अशी एकटीच का फिरतेस?"

"आज वाढदिवस आहे माझा. आई गेल्यापासून घरी सूप करणारं कुणी नाही."

आजीने पुढचे ऐकलेच नाही. आमच्याकडे हे सूप बाळंतिणीला देतात, म्हणून वाढदिवसाला ते आईच्या आठवणीने हवेच. तिने मला काठोकाठ भरले. बोरामने मला चाटूनपुसून रिकामे केले आणि म्हणाली, "चला, आता परीक्षा! जेजू बेटाला जाणाऱ्या बोटीवर स्वयंपाकीण हवीय."

खानावळीतले सगळे वळून तिच्याकडे बघू लागले. परीक्षेच्या दिवशी शेवाळाचे सूप? शेवाळ निसरडे. ते खाऊन गेलेला परीक्षेत घसरलाच, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

"अगं बये, आधी बोलायला काय झालं होतं?" आजी ओरडली.

"एवढ्या मायेनं वाढलंत. नाही कशी म्हणणार?"

आजी शेजारच्या दुकानात धावली आणि तांदळाचे चिकट गोळे आणून तिने पोरीच्या तोंडात कोंबले. "गीळ! आता बोटीला चिकटून बस!"

"आजी, वर चिकट आणि खाली निसरडं," कोपऱ्यातला म्हातारा कोळी म्हणाला. "पोरगी मधेच लटकायची!"

सगळे हसले. पण संध्याकाळी बातमी आली. बोरामच्या हातून मीठ दोनदा पडले आणि ती नापास झाली.

"भांड्याचाच पायगुण," सूनबाई म्हणाली. आजीने तर ते सूप करणेच सोडले. "माझ्या हातानं पोरीची नोकरी घालवली," असे म्हणत तिने मला परसात ठेवले आणि माझ्यात कांद्याची पात लावली. मी पाऊस प्यायले, बर्फ झेलला. चुलीचा आवाज आला की मला रडू यायचे.

पुढच्या वर्षी त्याच दिवशी बोराम दारात उभी राहिली. अंगावर बोटीवरच्या स्वयंपाकघराचा पांढरा अंगरखा होता.

"पास झालीस?" आजी हातातली पळी टाकून पुढे आली.

"दुसऱ्या खेपेला. आणि त्या सकाळी काय खाऊन गेले होते माहितेय? हेच सूप! स्वतः करून, तुमची चव आठवून."

"अगं अवदसे!"

"पहिल्यांदा घाबरले ती मी, आजी. सुपानं काय केलं? ते टवका उडालेलं काळं भांडं कुठंय?"

आजी परसात आली. तिने पात उपटली, मला घासले आणि चुलीवर चढवले. वाढताना तिचे डोळे भरले होते, तरी तिने दरडावून विचारलेच, "आज परीक्षा नाही ना?"

"नाही. आज फक्त वाढदिवस."

मित्रांनो, तुम्ही कधी घसरलात तर खुशाल उठा आणि पुन्हा जा. पण त्याचे खापर आम्हा भांड्यांवर फोडू नका. आमचे काम एवढेच, की तुम्ही परत याल तेव्हा सूप गरम असावे.