न दुखणारं बोट

सगुणाने राघोचं निखळलेलं बोट मुठीत धरलं, दुसऱ्या हाताने मनगट आवळलं आणि एका हिसक्यात ओढलं. कट्‌कन आवाज झाला. अंगणात जमलेल्या तालमीतल्या गड्यांनी तोंडं वेडीवाकडी केली. राघो मात्र त्याच्या जोडीदाराशी, उत्तमशी, बोलतच होता.

"कल्याणच्या जया पैलवानाला मी पयल्याच डावात आडवा करनार, बग तू." मग तो मान वळवून म्हणाला, "बाय, खेच ना! कवाची धरून बसलीस?"

अंगण खदाखदा हसलं. "याला म्हनतान छाती!" उत्तम मांडीवर थाप मारून ओरडला. "बोट बसला, तरी याला पत्ता नाय!"

सगुणाला हसू आलं नाही. दिवा गावच्या खाडीकाठी कुणाचं हाड मोडलं, कुणाचा सांधा उतरला, की माणसं तिच्याच दारात येत. नवरा गेल्यावर सासऱ्याने हा हुन्नर तिच्या हातात दिला होता, आणि तो सगळा समोरच्याच्या ओरडण्यावर चालायचा. बोटांनी चाचपत जायचं, माणूस आईच्या नावाने हंबरला की थांबायचं. दुखणं नेमकं तिथेच. भलेभले पैलवान या अंगणात लेकरांसारखे रडले होते. आणि हा तिचा पाठचा भाऊ, तिनेच पेज भरवून वाढवलेला, सांधा बसवताना गप्पा मारत होता.

विलायतेच्या राणीच्या ज्युबिलीचं साल होतं ते. दुसऱ्या दिवशी कल्याणच्या जत्रेत कुस्त्या होत्या आणि सगळ्या गावाची नजर राघोवर होती. त्याला काही लागतच नाही, हा गावाचा केवढा अभिमान! गेल्या थंडीत चुलीपाशी त्याचा हात भाजला, कातडी सोलवटली, तरी पठ्ठ्या जेवत बसला होता. गावाने कौतुक केलं. सगुणानेही केलं होतं. आज तिला त्या कौतुकाची शिसारी आली.

सगळे गेल्यावर ती म्हणाली, "डोले मिट. हात दे."

"आता काय बाय?"

"मिट सांगते ना."

तिने बाभळीचा काटा घेतला आणि त्याच्या नुकत्याच बसवलेल्या करंगळीच्या टोकाला लावला. मग टोचला. मग आणखी दाबला. रक्ताचा थेंब आला. राघो डोळे मिटून हसत होता.

"कराचा ते कर ना लवकर," तो म्हणाला.

सगुणाला गोपीनाथमामा आठवला. मामाही असाच हसत चुलीतला निखारा हातात धरायचा आणि पोरं टाळ्या पिटायची. पुढे त्याची बोटं झडली. महारोग. गावात त्या रोगाचं नाव कुणी उच्चारत नसे. मग मामाचंही नाव घेणं बंद झालं. बांधापलीकडे त्याला खोपटं घालून दिलं आणि लहानगी सगुणा दुरूनच पेजेचं मडकं ठेवून पळून यायची. तिला अजून त्या पळण्याची लाज वाटे.

"डोले उघड," ती म्हणाली.

राघोने आधी काटा पाहिला, मग रक्त. त्याचं हसू जागच्या जागी थिजलं. "बोट सुजलाय म्हनून नसेल कललं," तो म्हणाला. कुस्तीत अंग बधिर होतंच, ही करंगळी थोडी जास्त, एवढंच. सगुणाने त्याला मिठागरावर नेलं.

उन्हं कलली होती. वाफ्यातलं पाणी आटून दाट झालं होतं. मिठागरात राबणाऱ्या माणसाला हे पाणी काय असतं ते सांगावं लागत नाही. टाचेला नखाएवढी चीर असली तरी ते मस्तकात जातं. राघोच्या टाचेला बोटभर भेग होती, लाल, उघडी. तो वाफ्यात उतरला आणि उभा राहिला.

"झोंबतय?" सगुणाने विचारलं.

"झोंबंल आता."

तो उभाच राहिला. वाट बघत राहिला. पैलवान कधी हरायला असा आतुर झालेला तिने पाहिला नव्हता. शेवटी तिच्याने बघवेना. तीही आपले फुटलेले पाय घेऊन त्याच्या शेजारी उतरली. पाणी भेगांत शिरलं आणि तिचा चेहरा पिळवटला, दात आवळले गेले, "आई गो!" तोंडातून निसटलंच.

राघो तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता. त्या नजरेत हेवा होता.

"मामासारखा?" त्याने विचारलं.

सगुणाला खोटं बोलवलं नाही. ती रडू लागली.

राघो म्हणाला, "मग जयाला हात कसा लावू? त्याचं पोर रांगतं घरात." आणि मग, अगदी हळू, "उत्तमशी तर मी रोज लढलो, बाय."

सकाळी होडी सजली होती. ढोल वाजत होता, गुलाल उधळला जात होता. राघो बोटाला फडकं गुंडाळून आला. त्याच्या मागे सगुणा.

"मी येनार नाय," तो म्हणाला. "बोट दुखतय."

ढोल थांबला. उत्तम पुढे झाला. "तुझा? नि दुखतय? भ्यालास काय जयाला?" त्याने फडकं ओढून काढलं, बोट धरलं आणि करकचून दाबलं.

राघोने एकदा सगुणाकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा पिळवटला, दात आवळले गेले. "आई गो!" तो ओरडला. ओरडणं जरासं उशिरा आलं होतं. ते फक्त सगुणाला कळलं.

कुणीतरी थुंकलं. कुणीतरी बांगड्या भरायला सांगितलं. उत्तम त्याच्या जागी होडीत चढला, हाताला लागलेला गुलाल कमरेच्या लांगेला पुसला, आणि होडी कल्याणच्या दिशेने निघाली. काठावर तमाशा बघायला बायाबापड्या उरल्या होत्या.

सगुणाने चिखलातलं फडकं उचललं, झटकलं आणि त्याचं बोट पुन्हा बांधायला घेतलं. ती गाठ करकचून आवळत होती.

"हलू बांद बाय," राघो पुटपुटला. "लोक बगतान."

ती हळू बांधू लागली.