लाल वहीतला पहिला नंबर

मी एक जुनी लाल वही आहे, मित्रांनो. हसू नका. तुमच्या मोबाईलमध्ये नसतील इतकी माणसं माझ्या पोटात आहेत.

भावनगरच्या बाजारात मी शिवली गेले. नशिबात खरं तर व्यापाऱ्याचा हिशेब होता, पण धनतेरसला मला उचललं वजुभाई रावळांनी. ते ‘गोहिलवाड सांज’ या संध्याकाळच्या दैनिकाचे बातमीदार. दिवाळीत व्यापारी चोपडे पुजतात, तशी त्यांनी माझी पूजा केली. पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि खाली स्वतःचं नाव, पत्ता, नंबर लिहिला.

“लोक लक्ष्मी पुजतात, तुम्ही फोन नंबर पुजा!” त्यांच्या पत्नी निरुबेन म्हणाल्या.

“बातमीदाराची लक्ष्मी हीच गं,” वजुभाई म्हणाले. पुढे सव्वीस वर्षं दर दिवाळीला मला कुंकू लागलं.

बंदरावरचा मुकादम, इस्पितळातली दाई, कलेक्टर कचेरीतला शिपाई, सगळे माझ्यात राहायला आले. कुणी वारलं की वजुभाई नाव खोडत नसत. नावाआधी ‘स्व.’ लिहीत आणि खाली मुलाचा नंबर. दुसऱ्या पेपरची पोरंही चहाच्या हातगाडीवर नंबर मागत, वजुभाई सढळ हाताने देत. हितेन ध्रुव त्यातलाच एक. आज तो मोठ्या दैनिकाचा संपादक आहे.

आमच्या गावात पेपर मागून उघडतात. कोण गेलं, बेसणं किती वाजता, हे आधी, जग नंतर. बेसण्याला, म्हणजे सांत्वनाच्या बैठकीला, न जाणं हा आमच्याकडे मोठा गुन्हा. म्हणून वजुभाईंचा एक नियम होता. मृत्यूची नोंद छापण्याआधी घरी फोन करायचाच. “जिवंत माणसाला मारलं तर तो माफ करील, त्याची बायको नाही करणार,” असं ते हसून सांगत.

मग जाहिराती आटल्या, आठ पानांची चार झाली. एक दिवस मालक किरीटशेठ सगळ्यांसमोर म्हणाले, “वजुभाई, तुमची वही कॉम्प्युटरवर चढवू या. सगळ्यांच्या कामी येईल.” वजुभाई फुलून गेले. तीन दिवस टाइप करणाऱ्या मुलीशेजारी बसून त्यांनी नाव न् नाव वाचून दाखवलं. मलाही केवढा अभिमान वाटला! मूर्ख मी.

चौथ्या दिवशी शेठनी चहा मागवला. “पेपरची हालत तुम्ही जाणताच. उद्यापासून यायची तसदी घेऊ नका. नंबर आता आहेत आमच्याकडे.” आणि मला परत दिलं, कालच्याच अंकात गुंडाळून.

वजुभाईंनी ‘अ’पासून फोन लावायला सुरुवात केली. नोकरी हवी होती, दुसरं काही नाही. चार महिने घंटी वाजत राहिली. दिवाळीनंतर, नवीन वर्षाच्या पत्रकारांच्या स्नेहमिलनात ते मला काखेत घेऊन गेले. “साल मुबारक, वडील!” म्हणत, आमच्याकडे थोरांना म्हणतात तसं, हितेनने मिठी मारली, त्यांचं कार्ड घेतलं. जेवणानंतर ते कार्ड आइस्क्रीमच्या कपाखाली चिकटलेलं मी पाहिलं. वजुभाईंनीही पाहिलं.

पुढच्याच महिन्यात शेजारच्या घोघा गावचे एक निवृत्त मास्तर वारले. त्यांचंही नाव वजुभाई रावळ. घरच्यांनी नोंद पाठवली, पत्ता लिहायचा राहिला. ऑफिसने यादीत नाव शोधलं, माझ्या पहिल्या पानावरचा पत्ता मिळाला. आमच्या वजुभाईंचा फोटो ऑफिसच्या खणात होताच. नोंद छापून आली: बेसणं उद्या, चार ते सहा. फोन कुणी केलाच नाही. तो नियम वजुभाईंच्या डोक्यात होता, आणि ते डोकं शेठनी घरी बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला गल्ली पांढऱ्या कपड्यांनी भरली. मुकादम, शिपाई, शेठ, हितेन. ज्यांनी चार महिने फोन उचलला नाही ते झाडून सगळे! बनियनवर असलेल्या वजुभाईंनी दार उघडलं. कुणी तरी किंचाळलंच.

“अरे वा, आहात होय!” शेठ म्हणाले. “भूलचूक झाली. उद्या दुरुस्ती छापू.”

“आलाच आहात तर बसा,” वजुभाई म्हणाले. निरुबेननी पाणी दिलं. मग वजुभाईंनी मला मांडीवर घेतलं, हात जोडले. “शेठ, काम द्या. हितेन, तुझ्याकडे जागा आहे म्हणे.”

हितेनने आवाज खाली आणला. “वडील, अशा प्रसंगी हे बोलणं बरं दिसतं का?”

“कुणाच्या प्रसंगी रे, भाई?” निरुबेननी विचारलं.

 मग एकेक जण उठला, बेसण्यातून उठतात तसा, हात जोडून. “फोन करजो हं,” म्हणत चपला शोधू लागला.

दुरुस्ती छापली नाही. चार पानांत जागा नव्हती म्हणे. त्या संध्याकाळी वजुभाईंनी माझं पहिलं पान उघडलं आणि स्वतःच्या नावाआधी ‘स्व.’ लिहिलं. खाली लिहायला मुलाचा नंबर नव्हता. मला रडू आलं, पण वहीला रडता कुठे येतं? पुढच्या दिवाळीला कुंकू लागलं नाही. मी रद्दीत गेले.

आता मी गाठिया-फरसाणाच्या दुकानात आहे. दुकानदार मागून पानं फाडतो. काल ‘ह’ गेला, हितेनच्या नावावर तळलेल्या मिरच्या बांधून. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मित्रांनो, बेसण्याची वेळ छापून येते, म्हणून तुम्ही वेळेवर पोचता. जिवंत माणसाचा फोन वेळ सांगून येत नाही, तेव्हा तो वाजला की उचला. माझं पहिलं पान अजून फाटलेलं नाही. त्यावर नावाआधी ‘स्व.’ आहे, त्याकडे बघू नका. नंबर लावा. अजून लागतो.